नुसत्या यादीने दही लागत नाही



अलिबागकडच्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांना मावशी म्हणणारा शेजारचा तरुण सौदी अरेबियात, रियाध शहरातल्या अल सुलै भागात नोकरीला आहे. गोदामे आणि वर्कशॉपे यांचा तो भाग. कंपनीच्या खोलीत राहणे, मेसमध्ये खाणे, दिवसातून दोनदा खबूस आणि कोंबडी, वर थंड बाटली. वर्षभरापासून त्याचे पोट फुगते, कधी जुलाब तर कधी चार चार दिवस पोट साफ नाही. कोणीतरी सुचवले म्हणून त्याने किट मागवले, शौचाचा नमुना पाठवला आणि बारा पानांचा रंगीत अहवाल मिळवला. त्यात जीवाणूंची लांबलचक यादी, लाल-पिवळे-हिरवे पट्टे आणि शेवटच्या पानावर तीन महिन्यांच्या कॅप्सूलची शिफारस. मावशी विचारतात, ‘हा अहवाल खरा मानावा का? कॅप्सूल घ्याव्यात का? आणि परदेशी राहून माणसाच्या पोटातले जंतू खरेच बदलतात का?’

आपल्यातही असे अहवाल मोबाइलवरून फिरू लागले आहेत, म्हणून उत्तर सर्वांसाठी देतो. माझे मत आधीच सांगतो. अशा अहवालावर पैसे घालू नयेत आणि त्यावरून औषध तर मुळीच घेऊ नये. पण एखाद्या खऱ्या संशोधन संस्थेने शौचाचा नमुना मागितला, तर लाजू नये, जरूर द्यावा. ही दोन मते एकमेकांविरुद्ध वाटतील. ती तशी का नाहीत, ते पुढे पाहू.

किटवाली कंपनी तुमच्या नमुन्यातला डीएनए वाचते. त्यावरून कोणकोणते जीवाणू असावेत याचा अंदाज बांधते. ही विद्या खोटी नाही. जगभरातल्या माणसांच्या आतड्यांतून अशा वाचनाने गोळा केलेल्या माहितीची एक मोठी सूची काही वर्षांपूर्वी प्रसिद्ध झाली. तिच्यात 2,04,938 जनुकसंच आहेत आणि त्यांतून 4,644 जाती ओळखल्या गेल्या. पण त्याच संशोधकांनी सांगितले, की यांतल्या 70 टक्क्यांहून अधिक जाती तोवर कोणीही प्रयोगशाळेत वाढवलेल्या नव्हत्या. म्हणजे त्यांचा डीएनए कागदावर आहे, जिवंत जीवाणू कोणाच्या हाती नाही. तो काय खातो, काय तयार करतो, कोणत्या अँटिबायोटिकने मरतो, शेजारच्या जीवाणूशी कसा वागतो, हे डीएनएवरून तर्काने सांगता येते, पण तपासून पाहता येत नाही.

आपल्या बायकांना हे समजावून सांगायची गरज नाही. दह्यात कोणते जीवाणू असतात, त्यांची नावे कागदावर लिहून तो कागद दुधात बुडवला तर दही लागत नाही. त्याला शेजारणीकडून वाटीभर विरजणच आणावे लागते. पेसाहला आपल्या जुन्या पिढीत ‘अनाशी ढाकाचा सण’ म्हणत. अनास म्हणजे चटणीसारखे वापरायचे आंबट पाण्याचे भांडे, आणि सणाला त्यावर झाकण पडे. आंबवणारी वस्तू जिवंत आहे, ती जपावी लागते आणि वेळ आली की बंद ठेवावी लागते, हे त्या घरांना ठाऊक होते. प्रयोगशाळेत जीवाणू वाढवणे म्हणजे दुसरे काय? जीवाणूचे विरजण जपणेच. लघवीची ‘कल्चर’ तपासणी आपण सगळ्यांनी कधी ना कधी केलेली असते. तेच काम, फक्त आतड्यातल्या जीवाणूंसाठी ते शंभरपट अवघड.

अवघड का, तर यांतले बहुतेक जीवाणू आपल्याला जगवणाऱ्या हवेतच मरतात. मोठ्या आतड्यात प्राणवायू जवळजवळ नसतो. तिथे सुखाने राहणारा जीवाणू बाहेर आला की काही काही जातींना मिनिटेसुद्धा पुरेशी होतात. रॉबर्ट हंगेट या अमेरिकन शास्त्रज्ञाने गाईगुरांच्या पोटातले जीवाणू वाढवताना प्राणवायू काढून टाकलेल्या बंद नळ्यांची पद्धत बसवली आणि 1950 च्या सुमारास ती सविस्तर लिहून ठेवली. आज हेच काम हातमोजे बसवलेल्या हवाबंद पेटीत होते. पेटीत नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि थोडा हायड्रोजन भरतात. बाहेरून हात घालून आत बशा हलवायच्या. त्यानंतर प्रश्न खाण्याचा. एकाला रक्त घातलेले खाद्य लागते, दुसऱ्याला तंतुमय पदार्थ, तिसरा तर शेजारच्या जीवाणूने टाकून दिलेल्या आम्लावरच जगतो. काही जीवाणू महिनाभर वाट पाहायला लावतात.

या कामाला फ्रान्समधल्या मार्से येथील प्रयोगशाळेने नवा जोर दिला. 2012 साली त्यांनी अवघ्या तीन नमुन्यांवर 212 निरनिराळ्या पद्धती वापरल्या, 32,500 ठिपके, म्हणजे जीवाणूंच्या वसाहती, तपासल्या आणि 340 जाती वाढवून दाखवल्या. त्यांतल्या 31 जगाला अगदी नव्या होत्या. 2016 साली इंग्लंडच्या सँगर इन्स्टिट्यूटमधल्या गटाने 137 जाती शुद्ध स्वरूपात वाढवून साठवल्या. निरोगी माणसाच्या आतड्यातल्या जीवाणूंपैकी निम्मे किंवा थोडे अधिक वंश टणक बीजाणू तयार करून हवेतही तग धरतात, असेही त्यांना आढळले. ‘हे वाढतच नाहीत’ असे ज्यांच्याबद्दल पुस्तकात लिहिलेले होते, त्यांतले पुष्कळ वाढले. आपणच त्यांना हवे ते दिले नव्हते.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशासाठी? एक जुने उदाहरण घ्या. जठरातला वाकडा जीवाणू डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकाखाली अनेकदा पाहिला होता, पण अल्सर चिंतेने आणि तिखटाने होतो हीच समजूत होती. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल तो वाढवायचा प्रयत्न करत होते. दोन दिवसांत काही दिसले नाही की बशा टाकून दिल्या जात. 1982 साली ईस्टरच्या सुट्टीमुळे बशा जास्त दिवस तशाच राहिल्या आणि त्यांवर जीवाणू उगवला. हाती जिवंत जीवाणू आला म्हणूनच मार्शल 1984 साली तो स्वतः पिऊन आजार दाखवू शकले. 2005 साली दोघांना नोबेल मिळाले. आज अल्सरला बहुधा ऑपरेशन लागत नाही, दोन आठवड्यांच्या गोळ्या पुरतात. आतड्यातलेही असेच उदाहरण आहे. फिकॅलिबॅक्टेरियम प्राउस्निट्झी हा जीवाणू ज्या क्रोन रोग्यांत कमी होता, त्यांचा आजार ऑपरेशननंतर लवकर उलटला, असे फ्रेंच संशोधकांनी 2008 साली दाखवले. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. त्यांनी तो वाढवला, उंदरांना दिला आणि आतड्याची सूज कमी होते हे पाहिले. ‘कमी आहे’ ही झाली यादी. ‘दिल्याने फरक पडला’ हे झाले ज्ञान. दोहोंच्या मध्ये प्रयोगशाळेतली बशी आहे.

आता हे काम आपल्या मुलखात कुठे होते? पुण्यात होते. आघारकर संशोधन संस्था मुळात 1946 साली महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी म्हणून निघाली. तिथे प्राणवायूशिवाय जगणाऱ्या जीवाणूंवर काम करणारी मंडळी होती. त्यांनी पुण्याच्याच राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातल्या डॉ. योगेश शौचे यांच्या गटाबरोबर 2012 साली एक सुंदर अभ्यास प्रसिद्ध केला. दोन भारतीय कुटुंबे, प्रत्येकातल्या तीन पिढ्यांची तीन माणसे, एकाच छपराखाली राहणारी. घर एक, तरी वयाप्रमाणे पोटातली वस्ती वेगळी निघाली. त्यांनी हवेशिवाय वाढणारे 22 जीवाणू वाढवले आणि त्यांतले 6, म्हणजे चारात एकाहून जास्त, बहुधा नव्या जातीचे होते. वयाप्रमाणे होणारा बदलही युरोपात सांगितला जातो तसा नव्हता. दोनच कुटुंबांचा अभ्यास, त्यावरून देशाचा निष्कर्ष काढता येणार नाही. पण दोनच घरांत एवढे नवे सापडत असेल, तर आपण किती कमी पाहिले आहे याचा अंदाज येतो.

याच मंडळींनी 2014 साली 26 आणि 56 वर्षांच्या दोन निरोगी स्वयंसेवकांच्या शौचातून वाढवलेल्या गोल जीवाणूला मेगास्फेरा इंडिका असे नाव दिले. भारताचे नाव लागलेला आतड्यातला जीवाणू! आणि तो केवळ नावापुरता नाही. असे जीवाणू जपून ठेवायला पुण्यात राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र आहे. तिथे जगभरातला संशोधक मागणी करू शकतो. ही खरी विरजणाची बँक.

भारतीय पोटाचा वेगळा अभ्यास हवाच, याला आणखी एक कारण पुण्याचेच आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी 2004 साली दोघांचे छायाचित्र छापले होते. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी एकच, 22.3. पण युडकिन यांच्या अंगात 9.1 टक्के चरबी आणि याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के. आपण दिसायला बारीक, आतून चरबीचे. मधुमेह आपल्या घराघरांत का शिरला, याचे एक उत्तर इथे आहे. अशा देहातल्या आतड्याचे नियम युरोपच्या यादीवरून ठरवणे बरोबर नाही. किटवाल्या अहवालात ‘सामान्य’ म्हणून जो हिरवा पट्टा दिलेला असतो, तो कोणाच्या पोटावरून आखला, हे त्या कंपनीला विचारून पाहा.

सौदी अरेबियातही हे काम झाले आहे, ते अल सुलैपासून दूर, जेद्दा शहरात. तिथल्या किंग अब्दुलअझीझ विद्यापीठाने मार्सेच्या गटाबरोबर स्थानिक लोकांच्या शौचातून नवे जीवाणू वाढवले. 24 वर्षांच्या एका लठ्ठ सौदी तरुणाकडून मिळालेल्या जीवाणूला त्यांनी शहरावरूनच कोरिनेबॅक्टेरियम जेद्दाहेन्स हे नाव दिले. जुन्या पद्धतीने राहणाऱ्या बेदुइनांच्या पोटातली विविधता शहरी सौदींपेक्षा जास्त असल्याचेही त्यांना दिसले.

यातून मावशींच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळते. होय, मुलूख बदलला की पोट बदलते. 2018 साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाने थायलंडहून आलेल्या हमाँग आणि करेन लोकांचा अभ्यास केला. थोड्याच महिन्यांत त्यांच्या आतड्यातली विविधता कमी होऊ लागली, आणि तिथेच जन्मलेल्या मुलांत ती आणखी घटली. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2016 साली उंदरांवर दाखवलेले तर याहून काळजीचे आहे. माणसाचे जीवाणू दिलेल्या उंदरांना तंतुमय अन्न कमी देत गेले, तेव्हा पिढीगणिक काही जीवाणू नाहीसे झाले. चौथ्या पिढीला पुन्हा तंतुमय अन्न दिले, तरी गेलेले परत आले नाहीत. हरवलेले जीवाणू अन्नाबरोबर बाहेरून दिले, तेव्हाच आले.

आता आपल्याकडे पाहा. नवगावच्या किनाऱ्यावरून कुलाबा जिल्ह्याच्या खेड्यांत, खेड्यांतून मुंबईच्या मांडवी-भायखळ्याला, तिथून लोद, अश्दोद, दिमोना, बेरशेबा. नाचणीची भाकरी, वालाचे बिरडे आणि मासळीची आमटी सोडून पांढरा पाव आणि तळलेले पदार्थ, हा प्रवास दोन-तीन पिढ्यांत झाला. आजी कोकणात जन्मली, नातू इस्रायलात. कोकणातल्या आजीच्या पोटात जे होते ते नातवाच्या पोटात आहे का? हे फक्त नमुने वाढवून, जपूनच कळेल. आणि कोकणच्या जुन्या आहारावर वाढलेली पिढी आज ऐंशीच्या पुढे आहे. वाट पाहायला फार वर्षे हातात नाहीत. हाच माझ्या आग्रहाचा गाभा आहे.

जपून ठेवलेल्या जीवाणूंचा रोग्याला उपयोग काय, हेही ऐका. अँटिबायोटिकनंतर क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल नावाच्या जीवाणूचे जुलाब लागतात, ते कधी जीवघेणे होतात. त्यावर निरोगी माणसाचे शौच रोग्याच्या आतड्यात घालण्याचा उपाय निघाला, आणि तो लागूही पडला. पण शौचात काय काय आहे हे पूर्ण कोणालाच माहीत नसते. 2019 साली अमेरिकेत अशा उपचारातून औषधांना न जुमानणारा जीवाणू दोन रोग्यांत गेला आणि एकाचा मृत्यू झाला. त्यानंतर तपासणी कडक झाली. 2022 आणि 2023 साली दात्यांच्या शौचापासून बनवलेल्या दोन औषधांना तिथे मान्यता मिळाली. पुढची पायरी शौचाशिवायची. शुद्ध साठ्यातून वेगवेगळे वाढवलेले आठच जीवाणू एकत्र करून दिले, तेव्हा मोठा डोस घेतलेल्या 29 पैकी 4 जणांचा आजार उलटला. नुसती दिखाऊ गोळी घेतलेल्या 22 पैकी 10 जणांचा उलटला. चाचणी लहान आहे, मोठी व्हायला हवी. पण दिशा स्पष्ट दिसते. काय देतो आहोत ते मोजून, ओळखून देता येते, कारण ते वाढवता आले आहे.

मग बाजारातल्या कॅप्सूलचे काय? त्यांत बहुधा सहज वाढणाऱ्या, दुधातल्या ओळखीच्या जाती असतात. ज्यांची उणीव अहवालात दाखवली, त्या नव्हेत. इस्रायलच्या वाइझमन संस्थेने 2018 साली दाखवले, की अशा कॅप्सूलमधले जीवाणू काहींच्या आतड्यात टिकतात, काहींच्या नाही. अँटिबायोटिकनंतर त्या घेणाऱ्यांची स्वतःची वस्ती तर उशिरा पूर्ववत झाली, आणि आधी साठवलेले स्वतःचेच शौच परत दिलेल्यांची काही दिवसांत सुधारली. अमेरिकन पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही 2020 साली बहुतेक पोटदुखण्यांसाठी अशा कॅप्सूलची शिफारस केली नाही. तुमच्या डॉक्टरांनी विशिष्ट कारणासाठी दिली असेल तर जरूर घ्या. अहवालाच्या शेवटच्या पानाने दिली असेल तर घेऊ नका.

नमुना देण्याबद्दल आक्षेप ऐकू येतात, त्यांतले तीन महत्त्वाचे.

पहिला लाजेचा. रक्त द्यायला आपण रांग लावतो, शौच म्हटले की तोंड फिरवतो. डॉक्टरला ती वस्तू घाण वाटत नाही, तुम्हीही वाटून घेऊ नका.

दुसरा धर्माचा. जीवाणूंच्या खाद्यात रक्त, मांसाचा अर्क असे काही असते, हे खरे. नमुना देण्याला त्याची आडकाठी नाही. औषध घेताना मात्र कॅप्सूलचे जिलेटिन कशाचे, दुधाचा अंश आहे का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे, आणि शंका असेल तर आपल्या हजानला किंवा रब्बींना विचारा. हा प्रश्न मुंबईला नवा नाही. 1897 साली प्लेगची लस करताना डॉ. हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगचा जीवाणू रश्शात वाढवला. तो रस्सा शेळीच्या मांसाचा होता, म्हणजे हिंदू-मुसलमान कोणाच्याच धर्माला बाधा नको. वर तुपाचे थेंब तरंगत ठेवले होते. 10 जानेवारीला त्यांनी पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. आपल्याच धर्माच्या त्या माणसाने शास्त्र आणि लोकांच्या भावना दोन्ही सांभाळल्या. आजच्या शास्त्रज्ञांकडूनही तेवढी अपेक्षा ठेवायला हरकत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: आमच्या शौचावर दुसरा कोणी पैसे कमावील. ही भीती खोटी नाही. म्हणून सही करण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा. संस्थेच्या नीतिसमितीची परवानगी आहे का? वाढवलेला जीवाणू सार्वजनिक साठ्यात ठेवणार की कंपनीच्या कपाटात? आणि माझे नाव गुप्त राहील का, मला मागे फिरता येईल का? मराठीत, समजेल अशा शब्दांत उत्तर मिळाले तरच सही करा. किटवाल्या कंपनीला हे प्रश्न विचारा, म्हणजे दोन नमुन्यांतला फरक आपोआप कळेल. तिथे तुम्ही पैसे देऊन नमुना देता, आणि तो कोणाचे विरजण होतो हे तुम्हाला कोणी सांगत नाही.

राहिला अल सुलैचा तरुण. त्याने अहवाल बाजूला ठेवून जवळच्या दवाखान्यात डॉक्टरांना दाखवावे. शौचातून रक्त, कारण नसताना वजन घटणे, ताप, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, रक्त कमी होणे, यांपैकी काहीही असेल तर उशीर अजिबात नको. काही नसेल तर थंड बाटली बंद करावी, पाणी वाढवावे आणि मेसच्या जेवणात डाळी-कडधान्य आणावे. तिथे फूल म्हणून मिळणारा बाकल्याचा पदार्थ, हुमूस, मसूर स्वस्त असते, ताकासारखे लबनही मिळते. सगळे एकदम नको, आठवड्याला थोडे थोडे वाढवावे, नाहीतर पोट आणखी फुगेल. आपल्या घरीही हेच. बिरडे, भाकरी, पालेभाजी आठवड्यातून एकदा सणासारखी नको, रोज हवी. मांसाहारी जेवणाच्या दिवशी ताक नको असेल तर नारळाच्या दुधाची सोलकढी आहेच. तिला कोणी औषध म्हणू नये, पण थंड बाटलीपेक्षा ती हजारपट बरी.

आणि घरात कोकणात वाढलेली आजी किंवा आजोबा असतील, तर त्यांचे लहानपणीचे जेवण काय होते ते आजच लिहून घ्या. उद्या एखादी संस्था नमुना मागायला आली, तर त्या नमुन्याशेजारी ही माहिती लागेल. शेजारणीने विरजण मागितले तर आपल्या घरात कोणी नाही म्हटल्याचे ऐकिवात नाही. इथेही म्हणू नये.